ब्रेकमास्तरांचा पाय

माझ्या नवऱ्याला मी जन्मात एकदाच ओरडताना ऐकलंय, आणि तेही एका कोंबडीवर. ती गाडीपुढे आली, ह्यांनी ब्रेक दाबला, शिकणाऱ्या बाई स्टिअरिंग सोडून रडायला लागल्या, आणि हे खिडकीतून डोकं काढून कोंबडीला म्हणाले, "अहो, जरा बघून!" मागच्या सीटवर भाजीच्या पिशव्या मांडीवर घेऊन मी बसले होते, म्हणून साक्षीदार आहे. आता ह्याला ओरडणं म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. ह्याहून मोठा आवाज त्या गळ्यातून कधी निघालाच नाही.

मोटार शिकवणं हा त्यांचा व्यवसाय. एकतीस वर्षांत चार गाड्या झिजल्या, मास्तर झिजले नाहीत. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही पेडल असतात, पण दोनच. ब्रेक आणि क्लच. स्टिअरिंग नाही, अ‍ॅक्सिलरेटर नाही. शिकणारा भलतंच काही करायला लागला की शेजारून गाडी थांबवायची, एवढीच सोय. गावाने त्यांचं नाव ठेवलं ब्रेकमास्तर, आणि ब्रेकमास्तरांनी त्या दोन पेडलांवर आख्खा संसार उभा केला. नुसता पोटापाण्याचा नाही हो, विचारांचा.

"माझ्या पायाखाली दोनच गोष्टी आहेत," ते म्हणायचे. "बाकी सगळं दुसऱ्याच्या हातात." मग घरात काहीही होवो, हा माणूस क्षणभर थांबणार आणि स्वतःला विचारणार, हे माझ्या पायाखालचं आहे का? छप्पर गळतंय? पायाखालचं आहे. लगेच शिडी. पेपरवाला आज आला नाही? पायाखालचं नाही. कालचाच पेपर पुन्हा वाचायचा. शेजाऱ्याने आमच्या भिंतीला टेकवून एक मोडकं कपाट ठेवलं, तेव्हा मास्तर एकदा जाऊन नीट बोलून आले आणि स्वस्थ बसले. म्हणाले, "सांगणं माझ्या पायाखालचं होतं, सांगितलं. उचलणं त्याच्या पायाखालचं." मी पुढे अकरा दिवस भांडले. कपाट अजून तिथेच आहे. मास्तरांनी त्यावर एक कुंडी ठेवली, तिला फुलंही आली. मला अजून त्या फुलांकडे बघवत नाही.

सकाळी दाढी करताना आरशासमोर त्यांचं एक सुरू असायचं. "आज एक जण क्लच समजून ब्रेक दाबेल. एक जण स्वतः चुकेल आणि माझ्यावर डाफरेल. एक सायकलवाला उलट्या बाजूने येईल. पंपावरचा माणूस तोंड वाकडं करेल."

"अहो, सकाळी सकाळी अभद्र कशाला बोलता?"

"अभद्र कुठलं? वेळापत्रक आहे."

आणि संध्याकाळी जेवणाआधी एक वही. रोज तीन ओळी, जास्त नाही, कमी नाही. कुठे चुकलो, काय जमलं, उद्या काय करायचं. एकतीस वर्षांत मी ती वही उघडली नव्हती. मला वाटायचं, असेल कुणाचा क्लच कसा सुटला त्याची हकीकत. ती वाचायची मला काय पडली होती!

मध्ये एकदा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारे एक प्राध्यापक गाडी शिकायला आले. रिव्हर्स घेताना त्यांनी तीन दिवस तोच खांब पाडला आणि तीन दिवस मास्तरांनी तो खांब त्याच शांतपणे पुन्हा उभा केला. प्राध्यापक थक्क. म्हणाले, "मास्तर, तुम्ही पक्के स्टोइक आहात." मग चहा पिता पिता आम्हाला समजावलं, की दोनेक हजार वर्षांपूर्वी असे काही लोक होऊन गेले, त्यांत एक गुलाम होता आणि एक सम्राट, आणि दोघांचं म्हणणं एकच, आपल्या हातातलं काय आणि नाही काय एवढं ओळखलं की राग आणि भीती निम्मी तिथेच उतरते. मास्तरांनी सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "सम्राट गाडी स्वतः हाकायचे?"

"छे, सारथी असणार."

"मग त्यांना सोपं होतं," मास्तर म्हणाले. प्राध्यापक चौथ्या खेपेला पास झाले.

मी मात्र अगदी उलट. नगरपालिकेच्या तक्रार खिडकीत सव्वीस वर्षं काढली मी. नळ, गटार, दिवे, मोकाट कुत्री, सगळ्यांचा राग माझ्या तोंडावर. खिडकीत हसून बोलायचं आणि तो सगळा राग डब्यासारखा घरी आणायचा. घरी आल्यावर मी भांडी आपटायची आणि मास्तर आपटलेली भांडी पुसून फळीवर लावायचे. लोक म्हणायचे, काय जोडी आहे! तोंडावर म्हणायचे ते कौतुकाने, मागे म्हणायचे ते मास्तरांची दया येऊन.

पण ह्या शांत माणसाची एक खोड होती. दुसऱ्याच्या गाडीत बसले की त्यांचा पाय स्वस्थ बसायचा नाही. बसमध्ये, टॅक्सीत, जावयाच्या गाडीत, समोर काही आलं रे आलं की उजवा पाय जमिनीवर खच्चून दाबला जायचा. जावयाच्या गाडीतली चटई तेवढ्याच जागी विरली आहे. आणि चालत्या गाडीत डुलकी? नावच नको. दूरच्या प्रवासात आख्खी बस घोरत असायची, ड्रायव्हर आणि मास्तर हे दोघेच जागे.

तर असे हे मास्तर. मागच्या वर्षी त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला.

आधी दाराच्या चौकटी खांद्याला लागायला लागल्या. मग मी बाजूने चहा पुढे केला तर त्यांना दिसेना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू. समोरचं स्वच्छ दिसतं, कडेचं जातं आणि गेलेलं परत येत नाही. उरलेलं टिकवू, पण लायसन्स आता नवं होणार नाही. चार महिन्यांनी मुदत संपते, तोवर दिवसाउजेडी, रिकाम्या रस्त्याने काय ते.

मी तिथेच डॉक्टरांना झापायला लागले, आधी का नाही सांगितलं म्हणून. आम्ही आधी गेलोच नव्हतो. मास्तर माझा हात धरून बाहेर आले. त्याच आठवड्यात त्यांनी सगळे शिकाऊ बाजारातल्या दुसऱ्या मोटार स्कूलकडे सोपवले, प्रत्येकाची खोड एकेका चिठ्ठीवर लिहून दिली आणि दारावरची पाटी उतरवून धुऊन माळ्यावर ठेवली. डोळ्यातून टिपूस नाही. "डोळे माझ्या पायाखालचे नाहीत," म्हणाले.

मला भीती वाटली, स्पष्ट सांगते. आमचं घर गावाबाहेर टेकडीवर आहे. चढ असा की पोस्टमन सायकल खाली लावून चालत येतो. बस आठवड्यातून दोनदा, तीही आलीच तर. गाडी चालवणारं कुणी नसेल तर तिथे दोन म्हाताऱ्या माणसांनी राहायचं कसं? लेकीने फोनवर लगेच सांगितलं, "आई, इथे एक खोली रिकामीच आहे. घर विका आणि या." लेक सोन्यासारखी, जावई तिच्याहून. पण त्यांचं घर नवव्या मजल्यावर, आणि आमच्या घराची एकेक फरशी मास्तरांनी स्वतः गुडघ्यावर बसून बसवलेली. लिंबाचं झाड मी लावलेलं.

"तू शीक," मास्तर म्हणाले.

मी हसले. लग्न झालं त्या वर्षी एकदा शिकले होते मी. दुसऱ्या दिवशी बेकरीची पाटी पाडली, गाडी तिथेच सोडून पायी घरी आले आणि आठ दिवस नवऱ्याशी बोलले नाही. त्यानंतर हा विषय आमच्या घरात निघाला नव्हता. आता मी अठ्ठावन्न वर्षांची, गुडघे कुरकुरणारे, स्वभाव हा असा.

"चार महिन्यांत?"

"चार महिने पुष्कळ. पायाखालचे आहेत."

शिकले. बाई गं, कशी शिकले ते माझं मला ठाऊक. गिअर बदलताना गाडीला शिव्या दिल्या, रस्त्याला दिल्या, मास्तरांना दिल्या. ते आपले समोर बघत म्हणायचे, "शिवी दे, पण आरशात बघून दे." मैदानावर आठचा आकडा जमला, रिव्हर्स जमला. आणि सगळे ज्याला घाबरतात तो चढ तर मला पहिल्या पंधरवड्यातच जमला. मध्येच गाडी थांबवायची, हँडब्रेक ओढायचा, मग हाफ क्लचवर इंजिनाने ओढ घेतली की हँडब्रेक सोडून पुढे. जरा चुकलं की गाडी मागे घरंगळते. माझी एकदासुद्धा घरंगळली नाही! लेकीला फोन करून मी काय फुशारक्या मारल्या. "तुझ्या बाबांचे शिकाऊ महिना महिना रडतात म्हणे त्या चढाला. मी आपली झुळुकीसारखी जाते."

परीक्षेला गाडी आपलीच असते, फक्त शेजारी मास्तर नसतात, परीक्षक असतो. एक कोऱ्या चेहऱ्याचा तरुण माझ्या शेजारी बसला, पाय पेडलांपासून चांगले मागे ओढून. आठचा आकडा झाला, रिव्हर्स झाला. मग चढ. मी ऐटीत हँडब्रेक सोडला आणि गाडी मागे निघाली. अशी निघाली की मागे ठेवलेलं पिंप आरशात मोठं मोठं होत आलं. मी किंचाळले, परीक्षकाने ब्रेक मारला. परीक्षकाचा पाय ब्रेकवर गेला की संपलं.

"नापास," तो म्हणाला.

"तुमच्या बसण्याने गाडीचा तोल गेला," मी म्हटलं. आणखीही बरंच म्हटलं. सव्वीस वर्षं लोकांनी खिडकीतून मला जे ऐकवलं होतं ते सगळं त्या पोराला व्याजासकट ऐकवलं. त्याने ऐकून घेतलं आणि पुढची तारीख लिहून दिली. मास्तरांच्या लायसन्सच्या मुदतीच्या बरोबर आदल्या दिवशीची.

घरी येताना गाडी मास्तरांनी चालवली. रस्ताभर मी बोलत होते आणि ते गप्प. नेहमीचं गप्प नव्हतं ते. पायाखालचं, हातातलं, काहीच म्हणाले नाहीत. मला राग आला होता म्हणून तेव्हा कळलं नाही.

घरी आल्यावर ते अंगणात गेले आणि मी तारखेची चिठ्ठी ठेवायला टेबलाचा खण उघडला. वर वही. नव्या तारखेची नोंद करावी म्हणून मी ती उघडली, देवाशप्पथ, वाचायला नाही. पण स्वतःच्या नवऱ्याचं अक्षर डोळ्यांत शिरतंच.

"आज चढावर पाय मध्ये घातला. उद्या घालायचा नाही."

दुसऱ्या दिवशीच्या पानावर, "आज पुन्हा घातला. तिला कळलं नाही. उद्या नाही." त्यापुढे, "आजही." पानामागून पान तेच. मी हँडब्रेक सोडला की हे आपल्या बाजूचा ब्रेक हळूच धरून ठेवत होते आणि इंजिनाने ओढ घेतली की सोडत होते. तो चढ मी एकदाही चढले नव्हते. मला चढवलं होतं.

पायाखालची वाळू सरकते म्हणतात ना, माझा तर डोंगर सरकला. मी तशीच अंगणात गेले आणि वही त्यांच्या नाकासमोर धरली. बाजूने धरली असती तर दिसली नसती.

"हे काय आहे?"

त्यांनी वाचलं. स्वतःचंच अक्षर, तरी सावकाश वाचलं. "खरं आहे," म्हणाले.

"एकतीस वर्षांत कुणासाठी पाय घातला होता?"

"जीव वाचवायला घातला. पास करायला कधीच नाही."

"मग मीच कशी सापडले? बायको म्हणजे काय बुद्दू? आख्ख्या गावाला शिकवलंत आणि मला फसवलंत! मी लेकीला काय काय सांगितलंय!" मी भयंकर चिडले होते. अपमान झाला होता माझा, आणि तोही अशा माणसाकडून, जो कोंबडीचासुद्धा करत नाही.

मास्तर लिंबाच्या पारावर बसले. "भीती वाटली गं," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी गाडी बोटभर मागे गेली, तुझा चेहरा उतरला. मला वाटलं, आता ही म्हणणार, नाही जमत, चला लेकीकडे. आणि मग मी नवव्या मजल्यावर, खिडकीपाशी, ज्याला खालचा रस्तासुद्धा धड दिसत नाही असा म्हातारा. पाय आपोआप गेला. दुसऱ्या दिवशी म्हटलं नाही घालायचा. पुन्हा गेला." आणि एवढं बोलून हा माणूस रडला. डॉक्टरांपुढे नाही, पाटी उतरवताना नाही, तो आता लिंबाखाली बसून लहान मुलासारखा रडला.

माझा राग कुठे गेला कुणास ठाऊक. पूर्ण नाही गेला, खोटं कशाला बोलू. मी शेजारी बसले. थोड्या वेळाने म्हटलं, "तुमचे ते प्राध्यापकांचे स्टोइक रडतात का हो?"

त्यांनी नाक पुसलं. "रडत असतील. दुसऱ्याचा ब्रेक दाबून ठेवत नसतील."

"मग?"

"मग उद्या सकाळी सात वाजता," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सात वाजता मास्तर गाडीत बसले, चपला काढून मागच्या सीटवर फेकल्या आणि सीटवर चक्क मांडी घातली. साठी उलटलेला माणूस, गुडघे डॅशबोर्डला टेकलेले. "हा चढ रिकामा असतो. हँडब्रेक आपल्या दोघांमध्ये आहे, तो तुझा. माझे पाय आता घरी ठेवून आलोय असं समज."

पहिल्या दिवशी मी चार वेळा घरंगळले. एकदा कुंपणाच्या झुडपात घुसले, इतकी की मागच्या काचेत फांदी अडकून राहिली. प्रत्येक वेळी मी शेजारी बघायचे आणि मास्तर दोन्ही हातांनी आपले अंगठे घट्ट धरून समोर बघत असायचे. कपाळावर घाम. गाडी मी चालवत होते आणि दमत हे होते. "ऐक," ते म्हणायचे, "चढाचं ऐकू नकोस, इंजिनाचं ऐक. आवाज जड झाला, बॉनेट थरथरलं, की ती तुझी. तोवर हँडब्रेक सोडायचा नाही." मी एकदा ओरडले, "हा चढ मेला सपाट का नाही?" तर म्हणाले, "ही तक्रार कुठल्या खिडकीत देणार?" मला इतकं हसू आलं की गाडी बंद पडली.

बाराव्या दिवशी आवाज जड झाला, बॉनेट थरथरलं, मी हँडब्रेक सोडला आणि गाडी एक बोटसुद्धा मागे न जाता पुढे गेली. बोलले असते तर रडले असते. मास्तरांनी अंगठे सोडले आणि हात झटकले, मुंग्या आल्या होत्या त्यांच्या हाताला.

परीक्षेच्या सकाळी आरशासमोर मास्तरांच्या शेजारी मीही उभी राहिले. "आज परीक्षक तोच असेल," मी म्हटलं. "त्याला माझ्या शिव्या आठवत असतील. गाडी घरंगळेल. मी नापास होईन. घर विकावं लागेल." सगळं म्हणून झाल्यावर बघते तर छाती जरा हलकी. मास्तर म्हणाले, "आणि पंपावरचा माणूस?" मी म्हटलं, "तोंड वाकडं करेल."

परीक्षक तोच होता. आधी मी त्याची माफी मागितली, ते माझ्या पायाखालचं होतं. त्यावर तो काहीच बोलला नाही, ते त्याच्या. आकडा, रिव्हर्स, चढ. आवाज जड झाला, थरथर आली, सोडला. तो कागदावर काहीतरी लिहीत राहिला. मग म्हणाला, "बाई, मागच्या वेळी कुणी शिकवलं होतं तुम्हाला?"

"नवऱ्याने."

"आणि ह्या वेळी?"

"ब्रेकमास्तरांनी," मी म्हटलं, आणि पास झाले.

फाटकापाशी मास्तर उभे होते. मी कागद त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांनी तो वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले. चपला पायात, मांडी नाही.

गाव संपलं, आमच्या टेकडीचा चढ लागला. अर्ध्यावर एक ट्रक विटा उतरवत आडवा उभा. मी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला मास्तरांचा पाय दिसला. तो उचलला गेला होता आणि त्यांच्या ब्रेकपासून बोटभर वर थांबला होता. ट्रक हलेपर्यंत तो पाय तसाच हवेत. मग त्यांनी हळूच तो मागे घेतला, वाकून चपला काढल्या आणि मांडी घातली. ट्रक बाजूला झाला. आवाज जड झाला, बॉनेट थरथरलं, आणि आम्ही पुढे निघालो.

"जमलं की नाही?" मी विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं, "अहो, जमलं ना?"

मान खिडकीला टेकली होती. तोंड किंचित उघडं. चालत्या गाडीत, भर दुपारी, माझा नवरा गाढ झोपला होता.

आमचं फाटक आलं. लिंबाचं झाड दिसलं. थांबले असते तर ते जागे झाले असते, म्हणून मी गिअर बदलला, हळूच, त्यांना धक्का बसणार नाही असा, आणि गाडी घरावरून तशीच पुढे नेली.